प्रकाशोपचार (पाळीतील पोटदुखीवरील)

पाळीच्या दिवसांत ओटीपोटात येणाऱ्या कळा कमी करण्यासाठी त्वचेवर तांबडा किंवा निकट-अवरक्त (तांबड्याच्या लगत पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश सोडण्याची उपचारपद्धती. शास्त्रीय लिखाणात तिला ‘फोटोबायोमॉड्युलेशन’ म्हणतात. खानदेशात मात्र फिजिओथेरपीच्या दवाखान्यातला कुठलाही दिवा म्हणजे ‘लाईटचा शेक’, आणि घोटाळा होतो तो या नावामुळेच.

दवाखान्यातला लालसर मोठा बल्ब बहुधा अवरक्त दिवा असतो. ओटीपोटापासून दीड-दोन फुटांवर ठेवून तो ऊब देतो, म्हणजे फडक्यात गुंडाळलेल्या गरम विटेचेच काम विजेवर करतो. हे काम क्षुल्लक नाही. पाळीत गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये सुटतात, त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू जोराने आवळतो, रक्तपुरवठा तुटपुंजा होतो आणि कळ येते. उबेने स्नायू सैल पडतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ओटीपोटावर ३९ अंश सेल्सिअसची पट्टी ठेवलेल्या स्त्रियांना आयब्युप्रोफेन या वेदनाशामक गोळीइतकाच आराम मिळाला होता. विटेचा शेक देणारी आजी चुकत नव्हती, एवढे म्हणायला हरकत नाही.

प्रकाशोपचारात ऊब जवळजवळ नसते. एलईडी किंवा कमी शक्तीच्या लेझरमधून साधारण ६३० ते ६६० किंवा ८०० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सोडतात. बुडापेस्टमध्ये एंद्रे मेस्तर यांना १९६७ मध्ये अशा लेझरने उंदरांच्या भादरलेल्या कातडीवर केस लवकर उगवताना दिसले, तिथून या शाखेची सुरुवात मानतात. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रिया या भागातले सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) प्रकाश शोषते, नायट्रिक ऑक्साइड मोकळा होतो, रक्तवाहिन्या रुंदावतात, अशी उपपत्ती मांडली जाते. अडचण खोलीची आहे. तांबडा प्रकाश कातडीत काही मिलिमीटरच शिरतो. निकट-अवरक्त त्याहून आत जातो, पण गर्भाशय चरबी आणि स्नायूंच्या थरांमागे असते. दक्षिण कोरियातील चाचण्यांत चिकटपट्टीसारखी एलईडी साधने ॲक्युपंक्चरच्या बिंदूंवर लावून पाहिली गेली. दुखणे कमी झाल्याचे निष्कर्ष आले, पण सहभागी स्त्रिया थोड्या होत्या. शेकाच्या बाजूचा पुरावा आज तरी जास्त भक्कम आहे.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हा ‘मग उन्हातच बसावं की’ हा सल्ला गमतीनेही देऊ नये. उन्हात अतिनील किरणही असतात, आणि त्या तापात पाळीच्या दिवसांत अंगातले पाणी कमी होऊन चक्कर येते. हिवाळी उदासीवर वापरतात तो १०,००० लक्सचा दिवाही वेगळा. तो डोळ्यांवाटे काम करतो.

खर्च आणि वेळेचा प्रश्न इथे जास्त टोचतो. कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. त्या हंगामात प्रकाशोपचारासाठी तालुक्याला दोन-चार खेपा घालायच्या म्हणजे तेवढे रोज बुडाले. त्यामुळे मेफेनॅमिक ॲसिडची वेदनाशामक गोळी (पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असल्यास डॉक्टरांना विचारूनच) आणि घरचा शेक हीच व्यवहारातली जोडी राहते.

गरोदरपणात, कर्करोग असताना किंवा प्रकाशाची संवेदनशीलता वाढवणारी औषधे चालू असताना प्रकाशोपचार वैद्यकीय सल्ल्याविना करू नये. लेझरच्या वेळी डोळ्यांवर चष्मा हवा. कातडी बधिर असेल तर अवरक्त दिव्याने भाजल्याचेही कळत नाही.

अहिराणी बोलणारी बाई आशाताईंजवळ बहुधा ‘पोट दुखी ऱ्हायनं’ एवढेच सांगते; पाळीचे नाव काढत नाही. दुखणे दरमहा वाढत असेल, पाळी संपल्यावरही राहत असेल, रक्तस्राव फार असेल किंवा तिशीनंतर नव्याने सुरू झाले असेल, तर कारण एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढणे), ॲडेनोमायोसिस (ते गर्भाशयाच्या स्नायूत वाढणे) किंवा गर्भाशयातील गाठी असू शकते. अशा वेळी दिवा लावण्याआधी सोनोग्राफी करून घ्यावी लागते, आणि ती साधी निघाली तरी एंडोमेट्रिओसिस नाहीच असे ठरत नाही.