सैल प्लग आणि इंजिनाची टिकटिक

मारुती ८०० चं बॉनेट उघडलं की तिच्या ७९६ सीसी इंजिनाचे तिन्ही स्पार्क प्लग सहज दिसतात. डिसेंबर १९८३ मध्ये पहिल्या गाडीची किल्ली मालकाच्या हातात पडली, तेव्हापासून २०१४ पर्यंत ही गाडी बनत राहिली आणि आजही गावोगावी चालते आहे. इंजिन साधं, भोवती जागा मोकळी, म्हणून प्लग काढून पुसून परत बसवणं हे काम मालक घरीही करतात. ते जरूर करावं. पण बसवताना प्लग किती घट्ट हवा, हा प्रश्न बहुतेक वेळा मनगटाच्या अंदाजावर सोडला जातो आणि मग काही आठवड्यांनी इंजिनातून बारीक टिकटिक सुरू होते. गॅरेजमध्ये पहिलं उत्तर मिळतं, “टॅपेट वाजतायत,” म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांमधली फट वाढली आहे. काही वेळा ते खरं असतं. काही वेळा मात्र प्लग सैल असतो, आणि टॅपेट कितीही सेट केले तरी आवाज जात नाही.

प्लग ठिणगी पाडतो हे सगळ्यांना माहीत असतं. त्याची आणखी दोन कामं त्याच्या आट्यांवर आणि वॉशरवर चालतात: सिलिंडरचं भोक बंद ठेवणं आणि स्वतःला लागलेली उष्णता हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, सोडणं. प्लग सैल झाला की ठिणगी बहुधा पडतच राहते, ही दोन कामं मात्र बिघडतात. म्हणून हा दोष ठिणगी तपासून सापडत नाही.

भोक बंद ठेवण्याचा हिशेब कागदावर करून पाहण्यासारखा आहे. प्लगच्या आट्यांचा व्यास १४ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे १५४ चौरस मिमी. इंजिनावर पूर्ण भार असताना सिलिंडरमधला दाब ५० बारच्या आसपास जाऊ शकतो. दोन्हींचा गुणाकार केला तर प्लगला बाहेर ढकलणारं बल येतं जवळपास ७७० न्यूटन, म्हणजे ७५-८० किलो वजनाइतकं. इंजिन ३००० आरपीएमवर फिरत असेल तर असा दणका प्रत्येक प्लगला सेकंदाला २५ वेळा बसतो. उलट बाजूने, प्लग २५ न्यूटन-मीटर टॉर्कने, म्हणजे पिळाच्या जोराने, कसला असेल तर ढोबळ मानाने ९००० न्यूटनच्या जवळपास ताण त्याला बैठकीवर दाबून धरतो. दणक्याच्या दहापटीहून जास्त. ही ऐसपैस राखीव ताकद आहे म्हणूनच नीट कसलेला प्लग हजारो किलोमीटर हलत नाही. ती ताकद नुसत्या हाताने फिरवलेल्या प्लगमध्ये नसते.

हा ताण टिकवतो तो प्लगच्या गळ्यातला वॉशर. तो भरीव नसून पातळ पत्रा दुमडून केलेला, आतून पोकळ असतो. पहिल्यांदा कसताना तो चेपतो आणि हेडच्या बैठकीवर चपखल बसतो. चेपल्यावरही त्याच्यात थोडी लवचीकता उरते. ती लागतेच, कारण हेड अॅल्युमिनियमचं आणि प्लगचं अंग पोलादाचं. तेवढ्याच तापमानवाढीला अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. गाडी रोज तापते, रोज थंड होते, आणि दोन धातू प्रत्येक वेळी एकमेकांना किंचित सरकवतात. पुरेसा ताण असेल तर वॉशर ही हालचाल पोटात घेतो. ताण कमी असेल, किंवा बैठकीवर मातीचा एखादा कण अडकला असेल, तर प्लग हळूहळू परत फिरू लागतो. त्यात तीन सिलिंडरच्या इंजिनाची थरथर भर घालते.

उष्णतेचा भाग मला जास्त काळजीचा वाटतो, कारण तो ऐकू येत नाही. ज्वलनाच्या क्षणी वायूचं तापमान २००० अंश सेल्सिअसच्या वर जातं. प्लगचं टोक मात्र साधारण ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात राहायला हवं. त्याखाली राहिलं तर काजळी जळून जात नाही. फार वर गेलं तर तापलेलं टोकच ठिणगीच्या आधी मिश्रण पेटवतं. टोकाची बरीचशी उष्णता आटे आणि वॉशरमधून हेडमध्ये आणि तिथून कूलंटमध्ये जाते. प्लग सैल झाला की धातूला धातू नीट टेकत नाही, ही वाट अरुंद होते, आणि वरून फटीतून निसटणारा पेटता वायू प्लगलाच भाजत राहतो. इलेक्ट्रोड वितळू लागतो, आणि अवेळी पेटणाऱ्या मिश्रणाचा मार पिस्टनच्या माथ्यावर बसतो. शंभर-दोनशे रुपयांच्या भागामुळे पिस्टनला भोक पडू शकतं, म्हणून ही टिकटिक अंगावर काढू नये.

आता ओळखायचं कसं? कुकरची रिंग नीट बसली नसेल तर वाफ कडेने फसफसते आणि शिट्टी होत नाही. इथेही तसंच घडतं. थंड इंजिन सुरू करताना आणि आयडलिंगवर, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, गाडी थरथरते, मिसिंग करते, म्हणजे मधूनच एखाद्या सिलिंडरची फेरी वाया जाते. वेग वाढवला की सुधारल्यासारखी वाटते. कारण कमी आरपीएमवर प्रत्येक दाबाच्या फेरीत वायूला निसटायला जास्त वेळ मिळतो. आवाजाचं वागणं याच्या उलट: चढावर, भार वाढला की टिकटिक मोठी होते. खंबाटकीच्या चढाला मोठा झालेला आणि उतारावर बारीक झालेला आवाज टॅपेटपेक्षा गळतीकडे जास्त बोट दाखवतो. टॅपेट आणि प्लग दोन्ही इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदाच वाजतात, त्यामुळे नुसत्या लयीवरून फरक करता येत नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाचं) गॅस्केट गेलं तरी चढावर असाच आवाज येतो, हेही ध्यानात ठेवावं.

इथे अनुभवी मेकॅनिकही फसू शकतो. मिसिंगची तक्रार आली की तो सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज लावतो. पण गेज लावायचं तर प्लग काढावा लागतो आणि त्याच भोकात गेज कसावं लागतं! सैल प्लगची गळती त्या क्षणी अस्तित्वातच नसते. तिन्ही सिलिंडरचे आकडे उत्तम येतात, इंजिन ठणठणीत ठरतं आणि पुढचा खर्च कार्बोरेटर किंवा कॉइलवर सुरू होतो. गेजचा आकडा चांगला आणि गाडी मात्र आयडलिंगला खराब, अशी जोडी दिसली तर आधी प्लगच्या बुडाकडे बघावं.

बघायचं ते इंजिन पूर्ण थंड आणि बंद असताना. प्लगच्या षटकोनी भागाभोवती, वॉशरच्या कडेने हेडवर काळे, तेलकट ओघळ असतील तर वायू तिथून बाहेर पडतो आहे. पांढऱ्या पोर्सेलिनवर, धातूच्या अंगालगत तपकिरी कडं दिसलं तर घाबरू नये. उच्च दाबाच्या विजेमुळे हवेतले तेलाचे कण तिथे ओढले जाऊन तो डाग पडतो आणि तो निरुपद्रवी असतो. मग प्लगची कॅप काढून प्लग बोटांनी फिरवून पाहावा. फिरला, तर निदान झालं. शंका उरली तर प्लगच्या बुडाशी साबणाचं पाणी सोडावं, कॉइलची वायर काढून ठेवावी, इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलही बंद करावं, आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगावं. बुडबुडे आले की गळती डोळ्यांना दिसते. चालू इंजिनावर हा प्रयोग करू नये, प्लगच्या वायरीत दहा-वीस हजार व्होल्ट असतात.

सैल सापडला म्हणून तसाच आवळून मोकळं होऊ नये. प्लगभोवतीची धूळ आधी पंपाने उडवावी, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. वायरी एकेक करूनच काढाव्यात, म्हणजे अदलाबदल होत नाही. प्लग बाहेर आला की टोक पाहावं: ते पांढरंफटक, फोड आल्यासारखं किंवा कडा वितळलेलं असेल तर तो प्लग टाकून द्यावा. आटे आणि बैठक कोरड्या फडक्याने पुसावी. नवा प्लग घालताना पाना लावूच नये; प्लगच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा बसवून त्याने फिरवावा. आटा तिरका लागला तर नळी घसरते आणि हेड वाचतं. वॉशर बैठकीला टेकेपर्यंत प्लग असाच हलका फिरला पाहिजे.

टेकल्यानंतर टॉर्क पाना असेल तर १४ मिमीच्या वॉशरवाल्या प्लगला अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो धरावा. टॉर्क पाना नसेल तर कोन मोजावा: नवा वॉशर असलेला प्लग टेकल्यापासून अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, आणि आधीच चेपलेल्या वॉशरचा जुना प्लग फेऱ्याचा जेमतेम बारावा भाग. हा फरक फार महत्त्वाचा आहे. जुन्या प्लगला नव्याइतका फेरा दिला तर अॅल्युमिनियमचे आटे ओढले जातात, आणि नव्याला जुन्याइतकाच दिला तर वॉशर चेपतच नाही. आट्यांना ग्रीस लावण्याची सवयही सोडावी; घर्षण कमी झालं की त्याच टॉर्कला ताण जास्त बसतो.

पाना फिरतच राहिला आणि प्लग धरत नसेल तर आटे गेलेले आहेत. टेफ्लॉन टेप, एम-सील, दोन वॉशर यांपैकी काहीही इथे चालत नाही. भोक मोठं करून त्यात नवे आटे पाडायचे आणि पोलादी हेलिकॉइल (तारेच्या वेटोळ्याचे तयार आटे) किंवा बुश बसवायचा, हाच उपाय आहे. हेड न उतरवताही हे करता येतं, पण कापलेला किस सिलिंडरमध्ये पडू नये म्हणून आटे पाडणाऱ्या टॅपच्या खाचांत ग्रीस भरावं लागतं आणि शेवटी आतला किस ओढून काढावा लागतो. ज्याने हे आधी केलं आहे अशा कारागिराकडेच गाडी न्यावी, आणि तिथपर्यंत ती चालवत न नेता ओढून न्यावी.