आनंद, देवाची देणगी (ख्रिस्ती संकल्पना)

ख्रिस्ती विश्वासात आनंद ही कमवायची गोष्ट नाही, तो देवाकडून मिळतो आणि माणसानं फक्त हात पुढं करून घ्यायचा, अशी समजूत आहे. सातारा-सांगलीकडच्या मंडळ्यांत (चर्चमध्ये) कुणी आपला अनुभव सांगायला, म्हणजे साक्ष द्यायला उभं राहिलं की "प्रभूनं आनंद दिला" असंच तोंडात येतं, "मी आनंदी झालो" असं कमी ऐकू येतं, आणि त्या 'दिला' मध्येच सगळं आलं. सुख आणि आनंद यांत फरक करायची पद्धतही इथं जुनी आहे: सुख परिस्थितीवर चालतं, आनंद देणाऱ्यावर.

बायबलच्या जुन्या करारात यासाठी सगळ्यात जास्त येणारा हिब्रू शब्द सिम्हा. हा एकट्यानं मनात ठेवायचा आनंद नाही, सणाचा, पंगतीचा आहे. 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या 16 व्या अध्यायात सणाला आनंद कर अशी सरळ आज्ञाच आहे आणि कुणाबरोबर करायचा तेही सांगितलंय, मुलं-मुली, चाकर, परका, पोरका, विधवा. पण आनंदाला थेट 'देवाची देणगी' म्हटलंय ते उपदेशकाच्या पुस्तकात (3:13 आणि 5:19), तिथं हिब्रू शब्द आहेत मत्तत एलोहीम. खाणं, पिणं आणि आपल्या कष्टात समाधान मिळणं ही देणगी, एवढं साधं ते वाक्य आहे. त्याच पुस्तकात पुढं (6:2) असाही माणूस आहे ज्याला धनदौलत सगळं मिळालंय पण त्याचा उपभोग घ्यायची शक्ती मिळालेली नाही, आपल्याकडं म्हणतात ना, असून नसल्यासारखं. म्हणजे वस्तू एक देणगी आणि ती गोड लागणं ही वेगळी देणगी. हे पुस्तक परंपरेनं शलमोनाचं मानतात, पण त्यात परदेस (बाग) आणि पितगाम (निर्णय) असे पर्शियन वळणाचे शब्द आहेत, त्यामुळं बरेच अभ्यासक ते इ.स.पू. 3ऱ्या शतकाच्या आसपास ठेवतात आणि काही जण त्याआधीच्या पर्शियन राजवटीत. भाषेचा पुरावा बघता शलमोनाचा काळ धरणं अवघड जातं.

नव्या करारात ग्रीक शब्द खारा (मिठाशी काही संबंध नाही, उच्चार तेवढा सारखा). कृपेसाठी ग्रीक शब्द आहे खारिस आणि कृपादानासाठी खारिस्मा, तिन्ही एकाच धातूतून आलेले, म्हणून "आनंद म्हणजे कृपाच" असं प्रवचनात वारंवार सांगतात. यावर भाषेच्या अभ्यासकांचा आक्षेप असा की शब्दांचं मूळ एक असलं म्हणून अर्थ एक होत नाही, बोलणाऱ्याच्या डोक्यात ते मूळ असेलच असंही नाही. आक्षेप बरोबर आहे. पण लेखकानंच दोन शब्द मुद्दाम शेजारी ठेवले असतील तर गोष्ट बदलते, आणि लूकनं (त्याच्या नावाचं शुभवर्तमान आणि प्रेषितांची कृत्ये ही पुस्तकं त्याची मानतात) तसं केलंय असं दिसतं. देवदूत मरीयेला म्हणतो खैरे केखारितोमेने (लूक 1:28), यातला पहिला शब्द नेहमीचा नमस्कार पण शब्दशः 'आनंद कर', दुसरा 'जिच्यावर कृपा झाली ती'. प्रेषितांची कृत्ये 11:23 मध्ये प्रेषितांचा सोबती बर्णबा अंत्युखिया शहरात येतो, देवाची कृपा (खारिन) बघतो आणि आनंदित होतो (एखारे). मराठीत हा नाद उतरत नाही, कृपा आणि आनंद हे शब्द एकमेकांना ओळखतही नाहीत. तेव्हा धातूवरून थेट सिद्धांत काढू नये, पण लूकच्या या जागांवरून तो काढता येतो असं म्हणणं जास्त पटतं.

प्रेषित पौलाचं फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलेलं फिलिप्पैकरांस पत्र या विषयाचं मुख्य पत्र. चारच अध्याय, आणि त्यात आनंदाचे शब्द 16 वेळा येतात, तेही तुरुंगातून लिहिलेले. कुठल्या तुरुंगातून यावर मात्र एकमत नाही. परंपरा म्हणते रोम, साधारण इ.स. 60 ते 62, कारण पत्रात प्रेतोर्याचा (सम्राटाच्या पहारेकऱ्यांचा किंवा सुभेदाराच्या वाड्याचा) आणि कैसराच्या, म्हणजे रोमी सम्राटाच्या, घरच्या लोकांचा उल्लेख आहे. दुसरं मत इफिस, इ.स. 55 च्या आसपास, कारण पत्रात फिलिप्पैला इतक्या वेळा निरोप आणि माणसं जातायेत येतायेत की रोमचं अंतर त्याला फार पडतं, आणि प्रेतोर्य काय इतर प्रांतांतही असायचं. कैसरियाचंही नाव घेतात पण त्याला पाठिंबा कमी. आजही बरेच जण रोमच धरतात, इफिसचा मुद्दा तरी वजनदार आहे. महत्त्वाचं वाक्य 1:29, तिथं विश्वास ठेवण्याबरोबर दुःख सोसणंही 'कृपेनं देण्यात आलंय' असं पौल म्हणतो आणि क्रियापद खारिसच्याच घरातलं वापरतो.

पौलाच्याच गलतीकरांस पत्रात (5:22) आत्म्याच्या फळाची यादी आहे, तिच्यात प्रीतीनंतर लगेच आनंद येतो. संडे स्कूलमध्ये पोरं 'आत्म्याची नऊ फळं' अशी पाठ करतात पण ग्रीकमध्ये फळ एकवचनी आहे, एकच फळ. व्हल्गेट या जुन्या लॅटिन बायबलमध्ये यादी 12 ची झाली आणि कॅथलिक शिकवणीत ती तशीच राहिली. मध्ययुगातला धर्मपंडित थॉमस अक्विनास यानं (1225–1274) आनंदाला स्वतंत्र सद्‍गुण मानलं नाही, प्रीतीचा परिणाम मानलं.

आपल्या भागात या विचाराला मराठी रूप मिळालं ते मुख्यतः कवी ना. वा. टिळकांमुळं (1861–1919). 1895 ला बाप्तिस्मा, पुढं बरीच वर्षं अहमदनगरला, आणि शेवटच्या काळात साताऱ्याला येऊन 1917 मध्ये 'देवाचा दरबार' नावाचा बंधुसंघ काढला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो असं ते सांगत. वारकरी अभंगातला आनंद शब्द त्यांनी भजनांत जसाच्या तसा आणला म्हणून आज इथल्या उपासनेत ग्रीक खारापेक्षा तुकोबांच्या डोहातला आनंदच जास्त घुमतो, आणि टाळ-पेटीवर म्हटलेलं ते भजन ऐकलं की हे लगेच कळतं.

मिरजेत मिशनरी डॉ. वॉनलेस यांनी 1894 ला सुरू केलेलं मिशन हॉस्पिटल, त्यामुळं तिकडं आजारपण आणि उपकारस्तुती यांची सांगड घट्ट.

तासगाव, कवठेमहांकाळकडं द्राक्षबागा. ऐन फुलोऱ्यात अवकाळी पाऊस आला की दावण्या (बुरशीचा रोग) पडतो, घड कुजतात, वर्षाचा खर्च पाण्यात. अशा वेळी हबक्कूक 3:17-18 वाचतात, वेलीला फळ नाही, गोठ्यात गुरं नाहीत तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. 'तरी' या शब्दावर वाचणाऱ्याचा आवाज थांबतो, हे मी जवळून बघितलंय, पुढच्या बाकावर बसलेल्यांची बाग आदल्या आठवड्यात गेलेली होती आणि वाचणाराही बागायतदारच होता.

पीक आलं की हंगामाचा सण. वेदीपुढं ज्वारीची कणसं, हळद, शेंगा, गुळाची ढेप, उसाच्या मोळ्या, कुणाची कोंबडीसुद्धा, आणि उपासना झाली की पाळकसाहेबांसमोर लिलाव. एक पपई बाजारभावाच्या कितीतरी पट वर जाते, घेणारा ती पुन्हा परत देतो, परत बोली लागते. बरेचदा ज्या बाईनं शेंगांचं गाठोडं आणलं तीच बोली लावून ते घरी नेते, आणि संध्याकाळी त्याच शेंगा भाजून शेजारीपाजारी वाटल्या जातात.