बाळंतिणीचं रक्त मोजायचं कसं?

बाळ रडलं की खोलीतली सगळी माणसं बाळाकडे वळतात. मुलगा की मुलगी, वजन किती, रंग कुणावर गेला. वार अजून पडायची असते आणि बाळंतिणीच्या अंगावरून रक्त जात असतं. थोडं जाणारच, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण थोडं म्हणजे किती? या प्रश्नाचं उत्तर वैद्यकाने फार वर्षं डोळ्यांच्या अंदाजावर सोडलं होतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाबद्दल नव्या सूचना जाहीर केल्या. तोपर्यंतचा नियम होता की ५०० मिलिलिटर रक्त गेलं तर त्याला रक्तस्राव म्हणायचं. आता ३०० मिलिलिटर गेलं आणि नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला दिसला, तरी लगेच उपचार सुरू करायचे आहेत. शिवाय हे रक्त नजरेने जोखायचं नाही, खुणा केलेल्या पिशवीत गोळा करून मोजायचं. बातमी दोन ओळींची होती. तिच्यामागचा इतिहास मात्र दोनशे वर्षांचा आहे, आणि त्यातलं एक महत्त्वाचं वळण बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत आहे. बेळगाव म्हटलं की आपल्याला सीमाप्रश्न आठवतो, नाहीतर कुंदा. हे तिसरं कारणही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आधी शरीराचं गणित. नऊ महिने भरत आले की गर्भपिशवीकडे मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त वाहत असतं. वार सुटली की तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. हाताला कापलं तर रक्त गोठून थांबतं, पण इथे नुसत्या गोठण्यावर भागत नाही. पिशवीच्या भिंतीत स्नायूंची आडवी-तिरपी वीण असते आणि वाहिन्या त्या विणीतून जातात. पिशवी आवळली की वाहिन्या चिमटल्या जातात. पोटावर हात ठेवला तर बेंबीच्या खाली टणक गोळा लागतो, तो लागला की सिस्टर निर्धास्त होते. पिशवी सैल राहिली तर सगळे नळ उघडेच. रक्तस्राव सुरू झाल्यावर उपचार मिळाले नाहीत, तर बाई साधारण दोन तासांत जाऊ शकते. बाळंतपणातल्या इतर गुंतागुंतींत हालचालीला बहुधा याहून जास्त वेळ मिळतो. २००३ ते २००९ या काळातल्या जगभरच्या मातामृत्यूंपैकी सुमारे २७ टक्के रक्तस्रावामुळे झाले होते.

पिशवी आवळण्याचं औषध पहिल्यांदा सापडलं ते राय नावाच्या धान्यावरच्या बुरशीत. युरोपातल्या सुईणींना या अर्गटचा गुण आधीपासून माहीत होता. न्यूयॉर्क राज्यातल्या जॉन स्टर्न्स या डॉक्टरने १८०८ मध्ये त्याबद्दल लिहिलं आणि डॉक्टर मंडळी कळा वाढवायला ती पूड सर्रास देऊ लागली. परिणाम भयंकर झाले. बाळ बाहेर यायच्या आत पिशवी घट्ट आवळली जायची, बाळ दगावायचं, कधी पिशवीच फाटायची. १८२० च्या दशकात न्यूयॉर्कचे डॉक्टर डेव्हिड होसॅक यांनी बजावलं की ही प्रसूतीची नव्हे, मरणाची पूड आहे, ती द्यायचीच तर बाळ जन्मल्यावर रक्त थांबवायला द्या. औषध तेच, वेळ चुकली की विष. पुढे १९३५ मध्ये चॅसर मॉयर आणि हॅरॉल्ड डडली यांनी अर्गटमधून पिशवी आवळणारं द्रव्य, अर्गोमेट्रिन, वेगळं काढलं.

दुसरी वाट मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीकडून आली. या ग्रंथीच्या अर्काने गर्भपिशवी आवळते हे हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये दाखवलं. विन्सेंट द्यू विन्यो यांनी १९५३ मध्ये त्या अर्कातलं पिशवी आवळणारं संप्रेरक, ऑक्सिटोसिन, प्रयोगशाळेत तयार केलं आणि त्यांना १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. १९८८ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या चाचणीत स्पष्ट दिसलं की बाळ जन्मताच इंजेक्शन देऊन वार काढण्याची तजवीज केली, तर रक्तस्रावाचं प्रमाण ५.९ टक्के राहतं. निसर्गावर सोडलं तर ते १७.९ टक्के. इथे वाद संपायला हवा होता.

दवाखान्यापुरता तो संपलाही. पण ऑक्सिटोसिनला २ ते ८ अंशांचा गारवा लागतो आणि टोचायला शिकलेला हात लागतो. जिथे दिवसातले निम्मे तास वीज नाही आणि बाळंतपण घरातल्या आतल्या खोलीत होतं, तिथे या नोबेलचा उपयोग काय?

या प्रश्नामुळे मिसोप्रोस्टॉल पुढे आलं. ही गोळी मुळात पोटातल्या अल्सरवरची. तिने गर्भपिशवीही आवळते. फ्रिज नको, सुई नको. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांतल्या १८,००० हून अधिक बायकांवर ऑक्सिटोसिनशी तिची तुलना केली, आणि गोळी कमी पडली. बऱ्याच जणांनी तिथेच फाईल बंद केली. पण ती तुलना रुग्णालयातली होती. खेड्यात गोळीची स्पर्धा इंजेक्शनशी नव्हतीच, तिथे समोर काहीच नव्हतं.

बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या भालचंद्र कोडकणी, शिवप्रसाद गौडर, मृत्युंजय बेल्लद आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या रिचर्ड डर्मन यांच्यासोबत ही चाचणी खेड्यात नेली. २००२ ते २००५ या काळात जिल्ह्यातल्या १,६२० बायका त्यात होत्या. बाळंतपणं घरी किंवा उपकेंद्रात, आणि करणाऱ्या एएनएम, म्हणजे गावातल्या आरोग्यसेविका. निम्म्या बायकांना बाळ जन्मल्यावर मिसोप्रोस्टॉल, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. दर अठरा बायकांना गोळी दिली की एकीचा रक्तस्राव टळत होता. २०११ मध्ये या उपयोगासाठी मिसोप्रोस्टॉल जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत गेलं. निम्म्या बायकांना कोरी गोळी देणं मला आजही खटकतं. पण तेव्हा त्या घरांत नेहमीच्या रिवाजाने कुठलंच औषध मिळत नव्हतं, हेही खरं.

मात्र या चाचणीत एक व्यावहारिक पेच होता. रक्त गेलं किती, हे घरातल्या बाळंतपणात मोजायचं कसं? रक्त अंगाखालच्या जुन्या लुगड्यात मुरतं, जमिनीवर ओघळतं, गर्भजलात मिसळतं. म्हणून एक साधी वस्तू तयार झाली. प्लॅस्टिकची चादर, वरच्या टोकाला दोन बंद. बाळ बाहेर आलं आणि गर्भजल वाहून गेलं की ती बाईच्या कमरेखाली सरकवायची आणि बंद पोटावर बांधायचे. खालचं टोक नरसाळ्यासारखं निमुळतं होत जातं आणि त्यावर मिलिलिटरच्या खुणा असतात. दुधाचं माप वाचता येणाऱ्या कुणालाही हे वाचता येईल. संशोधकांनी आपल्या नावांची आद्याक्षरं जोडून तिला ‘ब्रास-व्ही’ म्हटलं.

चादर आणि नजर यांची तुलना केली, तेव्हा नजरेचा अंदाज सुमारे एक-तृतीयांशाने कमी निघाला. आणि ही नजर रोज बाळंतपणं करणाऱ्यांची होती. जितकं जास्त रक्त, तितकी नजर जास्त फसते. त्यात आपल्याकडे निम्म्याहून अधिक गरोदर बायकांच्या अंगात मुळातच रक्त कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत हा आकडा ५२.२ टक्के होता. धडधाकट बाईला सोसणारं अर्धा लिटर अशा बाईला सोसत नाही.

मग चादर सगळीकडे का गेली नाही? युरोपातल्या तेरा देशांत अशीच मोजपिशवी वापरून पाहिली होती. तिचे निष्कर्ष २०१० मध्ये आले: पिशवी लावल्याने गंभीर रक्तस्राव लक्षणीय कमी झाला नाही. चादरीची गोष्ट इथे थंडावली. मला वाटतं, निष्कर्ष बरोबर होता, त्यातून घेतलेला धडा अर्धवट होता. पिशवीने आकडा सांगितला, पण आकडा दिसल्यावर कुणी काय करायचं, हे त्यात बांधलेलं नव्हतं.

करण्यासारखं मात्र तोवर बरंच जमलं होतं. ढाक्यात सायेबा अख्तर यांनी २००३ मध्ये रबरी नळीला कंडोम बांधून, तो गर्भपिशवीत सलाईनने फुगवून २३ बायकांचं रक्त आतून दाब देऊन थांबवलं होतं. आणि रक्ताची गुठळी विरघळू न देणारं, जपानमधलं ट्रानेक्झॅमिक ॲसिड होतं. उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने १९६२ मध्ये ते जाहीर केलं. युद्धानंतरच्या टंचाईत त्यांनी रक्तावर संशोधन करायचं ठरवलं, कारण कमी पडलं तर स्वतःचं काढता येईल. मुलीला पाठीशी बांधून उताको प्रयोगशाळेत काम करत. बाळंतिणींवर हे औषध तपासावं असं त्यांना फार वाटत होतं, पण तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी मनावर घेतलं नाही. ती चाचणी अखेर लंडनहून झाली, २१ देशांत, २०,०६० बायकांवर. २०१७ मध्ये निकाल आला की पहिल्या तीन तासांत औषध दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी होतात. उताको एप्रिल २०१६ मध्ये, ९८ व्या वर्षी वारल्या होत्या.

बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या अरी कुमारस्वामी आणि सहकाऱ्यांनी या सुट्या गोष्टी एकत्र बांधल्या. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतली ८० रुग्णालयं आणि दोन लाखांहून अधिक बाळंतपणं. चादरीवर ३०० आणि ५०० च्या रेघा. पहिला तासभर थोड्या थोड्या वेळाने तपासणी. रेघ ओलांडली की पोट चोळणं, पिशवी आवळणारं औषध, ट्रानेक्झॅमिक ॲसिड, सलाईन आणि जखम आहे का ते पाहणं, हे सगळं एकदम. पूर्वीची रीत एकेक करून वाट बघण्याची होती आणि त्या वाट बघण्यातच तास जात असे. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, यांचं एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांऐवजी १.६ टक्के निघालं. हे निष्कर्ष मे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यातला दुसरा एक आकडा मला जास्त बोलका वाटतो. चादर असलेल्या रुग्णालयांत ९३ टक्के रक्तस्राव वेळेत ओळखले गेले. नेहमीच्या पद्धतीने चालणाऱ्या रुग्णालयांत ५१ टक्के. म्हणजे कपाटात औषध असूनही जवळपास निम्म्या बायकांच्या बाबतीत ते काढायची वेळ आली आहे, हेच कुणाला कळलं नव्हतं.

चादरीची ही सारी पडताळणी नैसर्गिक प्रसूतीतली आहे. महाराष्ट्रात कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार चारातलं एक बाळंतपण सिझेरियनने होतं. ऑपरेशन टेबलावर ही चादर लावता येत नाही. रक्त तिथे ओढून घेणाऱ्या सक्शनच्या बाटलीत गर्भजलासोबत जमतं, टिपायच्या कापडात, म्हणजे मॉपमध्ये मुरतं, उरलेलं कापडाखाली झिरपतं. बाटलीचा आकडा वाचून, भिजलेले मॉप मोजून सर्जन किती गेलं ते सांगतात आणि सिस्टर ते केसपेपरवर लिहून घेते.