नाणेघाटात आकडे पिसून बघितले

जुन्नरकडून कोकणात उतरताना नाणेघाटाच्या तोंडाशी जी गुहा लागते तिच्यात भिंतभर ब्राह्मी लेख कोरलाय, सातवाहन राणी नागनिकेचा, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. बरेच ट्रेकर तिथे सावलीला बसतात, डबा खातात, फोटो काढतात आणि निघतात. पण त्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेचा हिशोब आहे, गायी किती, घोडे किती, कार्षापण नाणी किती, आणि ते आकडे भारतातल्या सगळ्यात जुन्या कोरीव आकड्यांमधले आहेत.

आम्ही सोसायटीतली पोरं आणि त्यांचे आईबाप मिळून गेलो तेव्हा घरूनच त्या लेखातल्या आकड्यांच्या चिन्हांची पुठ्ठ्याची कार्डं करून नेली होती. भिंतीला हात लावायचा नाही, खडू तर अजिबात नाही, सगळा खेळ बाहेर कातळावर.

लेखात 24,400 कार्षापणांचा आकडा आहे. तो लिहायला त्यांना तीनच चिन्हं लागली, वीस हजार, चार हजार आणि चारशे. हजाराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह जोडलं की चार हजार, विसाचं जोडलं की वीस हजार, शंभराला चार जोडले की चारशे. मुलांना सांगितलं की आता ही तीन कार्डं पत्त्यांसारखी पिसा. कशीही लावली तरी बेरीज 24,400च! मग आपले 2, 4, 4, 0, 0 पिसायला दिले तर कुणाचे 44,200 झाले, कुणाचे 20,440. आपल्या पद्धतीत किंमत जागेला आहे आणि तिथे चिन्हाला, हे मी फळ्यावर दहा वेळा सांगून जे पोचलं नसतं ते पाच मिनिटांत पोचलं.

मग बेरीज. लेखात 1700 गायींचा पण उल्लेख आहे, तर 24,400 मध्ये 1700 मिळवा म्हटलं. चारशे आणि सातशे मिळून अकराशे, म्हणजे ती दोन कार्डं परत देऊन एक हजाराचं आणि एक शंभराचं घ्यायचं, वाण्याकडे सुट्टे घेतल्यासारखं. हातचा म्हणजे नेमकं काय असतं ते एका आईलाच तेव्हा कळलं, ती म्हणाली शाळेत नुसता वर लिहायला शिकवला होता.

घाटात वर जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण आहे, त्याच्या तोंडाचा घेर दोरीने मोजून तीच दोरी तोंडावर आडवी ठेवली तर तीनदा बसून थोडी उरली, त्यात पोरं बराच वेळ रमली.

निघताना एक सहावीतली मुलगी शून्याचं कार्ड मागायला आली, तिला 26,100 लिहायचे होते. मी म्हटलं तुझ्या हातातली कार्डं मोज. वीस हजार, सहा हजार, शंभर. तिने परत एकदा मोजली आणि गुहेकडे बघत बसली.