कोलेसिस्टोकायनिन (सीसीके)
कोलेसिस्टोकायनिन, डॉक्टरांच्या बोलण्यात नुसतं सीसीके, हे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात बनणारं हार्मोन. तिथल्या अस्तरात आय नावाच्या पेशी विखुरलेल्या असतात, जेवणातली चरबी आणि प्रोटीन थोडं पचून त्यांच्यापर्यंत पोचलं की त्या हे रक्तात सोडतात. नुसत्या साखरेच्या पाण्याने तेवढा फरक पडत नाही.

मग एकदम तीन-चार कामं सुरू होतात, पित्ताशय आवळतं, पित्तनळीच्या तोंडाशी असलेली झडप सैल पडते, पित्त आतड्यात उतरतं, स्वादुपिंड पाचक रस सोडतं आणि जठर रिकामं व्हायचा वेग मंदावतो. सोनोग्राफीला उपाशीपोटी बोलावतात त्याचं एक कारण हेच, दुधाचा चहा नि बिस्किटं खाऊन गेलात तर पित्ताशय आकसलेलं असतं आणि खडे नीट दिसत नाहीत. ज्यांना खडे आहेत त्यांना वडे-भजी खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली कळ येते तीही बहुतेक वेळा याच आवळण्याने, कारण खडा पित्ताशयाच्या तोंडाशी अडकतो. पित्ताशय काढलं तरी सीसीके बनतच राहतं, फक्त साठवलेलं पित्त नसल्यामुळे ते लिव्हरमधून थेट आतड्यात येत राहतं.

1928 साली अमेरिकेत आयव्ही आणि ओल्डबर्ग यांनी हे शोधलं. 1943 मध्ये इंग्लंडात हार्पर-रेपर यांना स्वादुपिंड चाळवणारं एक हार्मोन सापडलं, त्याला पॅन्क्रिओझायमिन म्हटलं गेलं, आणि पुढे स्वीडनमध्ये योर्पेस-मुट यांनी दाखवलं की हे दोन्ही एकच!

पण खरी गंमत भुकेची. 1973 मध्ये गिब्स, यंग आणि स्मिथ यांनी उंदरांना सीसीके टोचलं तर ते कमी खायला लागले. पोट भरल्याचा हा निरोप मुख्यतः व्हेगस नर्व्हमधून, म्हणजे पोट आणि मेंदू जोडणाऱ्या लांब मज्जातंतूतून, मेंदूत जातो. साहजिकच वजन कमी करायचं औषध म्हणून सगळ्यांचे डोळे चमकले, आणि तिथेच गाडी अडली, कारण रक्तात हे काही मिनिटंच टिकतं, आणि पुढच्या प्रयोगांत उंदरांना प्रत्येक जेवणाआधी दिलं तर ते दर वेळी थोडंच खायचे पण जास्त वेळा खायचे, हिशोब जवळपास तिथल्या तिथे. सीसीकेसारखं काम करणाऱ्या एका गोळीची माणसांवरही ट्रायल झाली, तिनेही वजन उतरलं नाही.