दुखणं रुपयात किती आणे?

आत्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर आल्या, नाडी-बीपी पाहिलं आणि म्हणाल्या, "आजी, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. आत्ता किती?" आत्या म्हणाली, "दुखणारच की गं, पोट कापलंय." आकडा काही देईना. मग सिस्टरनी विचारलं, "बरं, रुपयात किती आणे?"

"पडून असले की चार आणे."

"आता पोटावर उशी दाबून धरा आणि खोका बघू."

आत्या अर्ध्यातच थांबली. वरच्या ओठावर घाम. "बारा आणे," म्हणाली.

सिस्टरनी दोन्ही उत्तरं लिहून घेतली. खोकायला लावण्यात मर्म आहे. दुखतं म्हणून पेशंट खोल श्वास घेत नाही, कफ साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. त्यामुळे नुसतं पडल्या पडल्या किती दुखतं, एवढं विचारून भागत नाही.

तेवढ्यात भेटायला आलेल्या एका काकांनी सांगितलं, "थोडं सोसावं, अंगाला सवय होते." हा गैरसमज घरोघरी आहे, आणि मज्जारज्जूत नेमकं याच्या उलट घडू शकतं.

जखमेकडून निघालेला ठणक्याचा संदेश 'सी' नावाच्या बारीक चेतातंतूंतून सेकंदाला साधारण एक मीटर या वेगाने मज्जारज्जूत पोचतो. तिथे ग्लुटामेट हे रसायन सुटतं आणि पुढच्या पेशीची दारं ठोठावतं. एक दार लगेच उघडतं. दुसरं, एनएमडीए नावाचं, उघडत नाही, कारण त्याच्या नळीत मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा बसलेला असतो. पेशीच्या आत ऋणभार असतो आणि मॅग्नेशियमवर धनभार, म्हणून ते बूच आत ओढलेलंच राहतं. या बुचाचं कोडं 1984 साली उलगडलं. संदेश एकामागून एक येतच राहिले, तर पहिल्या दारातून सोडियम आत येत राहतं, आतला ऋणभार घटतो, ओढ सैल पडते आणि बूच निघतं. मग कॅल्शियम आत घुसतं. ते पेशीतली विकरं (एन्झाइम्स) जागी करतं, ती विकरं त्याच दारांना फॉस्फेट चिकटवतात आणि दारं आणखी सहज उघडू लागतात. टोचणी तेवढीच, पण पेशीचा प्रतिसाद दर खेपेला वाढत जातो. 1966 मध्ये संशोधक लॉर्न मेंडेल यांनी हे नोंदवलं. 1983 मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी दाखवलं, की इजेनंतर मज्जारज्जू स्वतःच हळवा होतो. जखमेभोवतीच्या धड कातडीला चादर लागली तरी कळ येते, ती यामुळेच.

(हे वाचून कोणी मॅग्नेशियमच्या गोळ्या आणायला धावू नये. त्या बुचाला पोटातून पुरवठा लागत नाही. दुखण्यावर विकली जाणारी चुंबकीय कडी तर मज्जारज्जूच्या वाटेलाही जात नाहीत.)

म्हणून दुखणं सोळा आण्यांवर जाईपर्यंत थांबायचं नसतं. पण ते मोजायचं कसं? वेदनेचं थर्मामीटर नाही. मार्गो मॅकॅफरी या अमेरिकन नर्सने 1968 मध्ये सांगून ठेवलं, की पेशंट सांगेल तीच वेदना, आणि तो सांगेल तेव्हा ती असतेच. झोप लागली, नाडी शांत आहे, म्हणजे दुखत नाही असं होत नाही. थकलेला माणूस कळा येत असतानाही झोपतो. ज्याला बोलताच येत नाही अशा तान्ह्या बाळाचा चेहरा, पायांची हालचाल, रडणं आणि समजूत काढल्यावर ते शांत होतं का, हे पाहून गुण देतात.

मॉर्फिनसारखं औषध द्यायचं तर श्वासाचा वेग आणि गुंगी आधी तपासावी लागते, नंतरही. व्यसनाची भीती पुष्कळांना असते. ऑपरेशननंतर थोडे दिवस, मोजून आणि देखरेखीखाली दिलं तर तो धोका कमी असतो.

आत्याला सलाइनमधून इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासाने सिस्टर परत आल्या. बोलावलं कोणीच नव्हतं.

"आजी, उशी धरा. खोका."

आत्या खोकली, या वेळी पूर्ण. "पाच आणे," म्हणाली, आणि उठून बसायला हात पुढे केला.