दादा हलवला की दुसरा दादा तयार

"दादाला काढा, टाकी शांत होईल." सिक्लिड कुळातले मासे पाळणाऱ्या प्रत्येकाला हा सल्ला कधी ना कधी मिळतो. मलाही मिळाला आणि मी तो ऐकला. आमच्या दादरच्या घरी तीन फुटी टाकीत कुर्ल्याहून आणलेले सहा ऑराटस आहेत. आफ्रिकेच्या मलावी सरोवरातली ही जात. आणले तेव्हा सगळे हळदीसारखे पिवळे, अंगावर काळे पट्टे. त्यातला एक वाढता वाढता काळाभोर झाला आणि बाकीच्यांना कोपऱ्यात दाबू लागला. त्याला उचलून वेगळ्या टाकीत ठेवलं. काही दिवसांतच उरलेल्यांपैकी एकाचं पिवळं पोट काळवंडायला लागलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "नजर लागलीय, मीठमोहऱ्या ओवाळून टाका."

नजर नाही आणि रोगही नाही. तो नरच होता, इतके दिवस मादीच्या रंगात दबून राहिलेला. वरची जागा रिकामी झालेली त्याने पाहिली आणि शरीर बदलायला घेतलं.

पाहण्यातून शरीर कसं बदलतं, याचा सगळ्यात सुंदर अभ्यास आफ्रिकेतल्याच टांगानिका सरोवरातल्या बर्टोनी या सिक्लिडवर झाला. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जीवशास्त्रज्ञ रसेल फर्नाल्ड यांनी या माशावर अनेक वर्षं काम केलं. बर्टोनीचा वरचढ नर रंगीत असतो, डोळ्यापासून जबड्यापर्यंत काळी रेघ असते, स्वतःची हद्द राखतो. दबलेला नर करडा, माद्यांच्या घोळक्यात मिसळून पोहणारा. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वरचढ नराला अंधारातच टाकीतून काढून घेतलं. दिवे लागले, दबलेल्या नराला हद्द मोकळी दिसली आणि काही मिनिटांत त्याच्या चेहऱ्यावर ती काळी रेघ उमटली, रंग चढला.

पण खरी गंमत मेंदूत आहे. मेंदूच्या तळाशी काही मोजक्या पेशी जीएनआरएच नावाचं संप्रेरक तयार करतात. ते पीयूष ग्रंथीला जागं करतं, ती वृषणांना, आणि मग प्रजननाची सगळी यंत्रणा चालू होते. माणसाचं मूल वयात येतं तेही याच साखळीने. बर्टोनीत वर चढणाऱ्या नराच्या या भागात ईजीआर-1 हे जनुक जोरात चालू झालेलं सापडलं, दिवे लागल्यानंतर जेमतेम वीस मिनिटांत. हे जनुक म्हणजे पेशीतला पहिला भोंगा. ते चालू झालं की पुढची जनुकं कामाला लागतात. आधीपासूनच वरचढ असलेल्या नरांत मात्र त्याचं प्रमाण दबलेल्या नरांइतकंच कमी होतं. म्हणजे त्या पेशी हुद्द्याला नाही, हुद्दा बदलण्याच्या क्षणाला उत्तर देतात! पुढे काही दिवसांत त्या फुगतात. स्थिरावलेल्या वरचढ नरात त्यांचं आकारमान दबलेल्या नराच्या आठपट भरतं. मोठा प्रतिस्पर्धी आला की रंग मिनिटांत उतरतो, पेशी मात्र सावकाश आक्रसतात.

ही समज फक्त स्वतःच्या मारामारीतून येत नाही. 2007च्या एका प्रयोगात बर्टोनी नराला इतरांच्या झुंजी नुसत्या काचेतून दाखवल्या: क ने ख ला हरवलं, ख ने ग ला, ग ने घ ला, घ ने च ला. ख आणि घ यांची झुंज त्याने कधी पाहिलीच नव्हती. तरी दोघांपैकी एकाची निवड आली तेव्हा तो घ जवळ गेला, म्हणजे दोघांतल्या कमजोराजवळ. माशाला तीन सेकंदांपुरतंच आठवतं, असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

याच कुळातला फ्लॉवरहॉर्न हा मलेशियात माणसाने संकरातून घडवलेला मासा. त्याच्या अंगावरच्या ठिपक्यांत भाग्याचे आकडे शोधून तो महाग विकतात. तो काचेवर धडका देतो ती हद्द राखण्यासाठी. घरात पैसा येण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. कोकणातल्या खाडीतलं कालुंदर आणि बाजारातला तिलापियाही सिक्लिडच. त्यांच्याकडून कुणी लॉटरीची अपेक्षा करत नाही.

मग टाकीचं काय करायचं? दादा काढल्याने जागा रिकामी होते, आणि ती भरायला कोणीतरी तयारच असतो. मी जुन्या नराला परत सोडलं, पण आधी टाकीतले सगळे दगड हलवले, जुन्या कपारी मोडल्या, नव्या केल्या. कुणाचीच हद्द ओळखीची राहिली नाही. दोन्ही काळे नर संध्याकाळपर्यंत दगडांना फेऱ्या घालत होते, आणि चार पिवळे मासे पहिल्यांदाच टाकीच्या मधोमध येऊन खात होते.